पान एकसष्ट

शब्दाला तीन सेंट. एवढ्या भावात
मी एक सर्वशक्तिमान गुप्त मंडळ उभं केलं
डुलूथमधल्या तळघरात, वॉशिंग मशीनशेजारी,
पाय ब्लँकेटमध्ये गुंडाळून.
नाव दिलं मिठाची सभा.
बंदरं त्यांची, बँका त्यांच्या,
न्यायाधीशांची झोपसुद्धा त्यांची.
खूण एकच : उंबऱ्यावर चिमूटभर मीठ.
सकाळी ज्याला ते दिसलं
त्याने संध्याकाळपर्यंत समजून घ्यायचं.

मूळ खेळाचं जाडजूड पुस्तक दुसऱ्या कुणाचं.
माझी ही नुसती पुरवणी : शहाण्णव पानं, तक्ते अकरा.
वीस पैलूंचा फासा टाका आणि पाहा
सभेला आज तुमच्याकडून काय हवंय.

चाचणीला गुरुवारी चौघं आली.
बाहेर उणे एकवीस. सुपीरियर सरोवर
गोठताना कण्हतं, ते आत ऐकू येत होतं.
लॉयल ओस्टबी बर्फ उपसायचा ट्रक चालवतो,
त्याचे बूट जिन्यात, बुटांखाली पांढरट डबकं.
तिसऱ्याच डावाला तो म्हणाला,
"एवढं सगळं ह्यांना कळतं,
तर आम्हाला पहिल्याच रात्री का नाही उडवलं?"

मी पेन्सिल चावली.
ज्यांच्यापुढे काही चालतच नाही
त्यांच्याशी खेळायचं कसं?
कुठेतरी फट ठेवायला हवी होती.

म्हणून तिथल्या तिथे एक कारकून बाई बसवली.
तळमजला, हिरवा दिवा, टाइपरायटर.
सभेचे हुकूम ती टाइप करते.
ताकद तीन, चपळाई चार, सर्दी कायमची.
मला वाटलं, तिच्या खिशातली किल्ली मारतील आणि वर जातील.
वरचे सात सरदार मी आठवडाभर खपून सजवले होते,
एकेकाच्या अंगठ्यांसकट.

पण मार्वाने खुर्ची ओढली
आणि विचारलं, "बाई, नाव काय तुमचं?"

नाव ठेवलंच नव्हतं.
तोंडातून गेलं : हेल्मी.

हेल्मी माझी आई.
खनिज कंपनीच्या कचेरीत एकतीस वर्षं.
साहेबांचं तोंड कधी पाहिलं नाही, सही तेवढी ओळखायची.
काय टाइप केलं ते घरी बोलायची नाही.
एका फेब्रुवारीत दोनशे चौदा नावं आली,
कमी करायच्या माणसांची, आडनावाच्या क्रमाने.
मधे कुठेतरी बाबा होते.
तिने टाइप केलं. दोन प्रती काढल्या.
संध्याकाळी माशाचं सूप.
बाबा म्हणाले, अळणी झालंय.
तिने मिठाची डबी सरकवली.
पत्र त्यांना सोमवारी मिळालं.

मला कळलं ते ती गेल्यावर,
शिवणयंत्राच्या खणात एक कार्बन पेपर सापडला,
तो खिडकीशी धरला तेव्हा.
खाल्ल्या मिठाला ती जागली.
कुणाच्या, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

"मग पुढे ती काय करते?" लॉयल.
"फासा टाक."
"कुठल्या तक्त्यावर?"
तक्ता नव्हता. तरी त्याने टाकला.
फासा घरंगळत मशीनखाली गेला.
कुणी वाकलं नाही.

प्रकाशक प्रिबिल कळवतो : मजकूर फार झाला,
कारकून बाईचं पान काढलंय,
तिथे बंदराचा नकाशा टाकतोय, नकाशे खपतात.
चेक आला. त्या पानाचे
बारा डॉलर साठ सेंट वजा.

पुस्तक छापून आलं. शेवटी सूची आहे,
ती दुरुस्त करायचं कुणाला सुचलं नाही :
हेल्मी, कारकून, पान ६१.
उघडलं, तर धक्का, क्रेन, दीपस्तंभ,
फिक्या निळ्या शाईतलं पाणी
आणि कोपऱ्यात प्रमाणपट्टी,
एक इंच बरोबर अर्धा मैल.